दहा कोटी डॉलरची खाच

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा एपिसोड लावतील, म्हणून आधीच सांगतो: गोल्फ कळत नसलं तरी चालेल. मी स्वतः आयुष्यात एकदाही गोल्फ खेळलेलो नाही. मी बीटेक केलं मेकॅनिकलमध्ये, नोकरी करतो सॉफ्टवेअरची, आणि या गोष्टीत मला ओढून आणलं ते मोजमापाच्या एका भांडणानं. त्या भांडणात एका माणसाची अख्खी कंपनी पणाला लागली होती, आणि भांडण होतं मिलिमीटरच्या काही शतांशांवरून.

सुरुवात एका साध्या अवजारापासून करू. ऑनलाइन शोधलंत तर पेनाएवढं एक अवजार दिसेल. मूठ आणि पुढे कडक पोलादाचं टोक, बस्स. गोल्फच्या जुन्या स्टिकच्या तोंडावर ज्या आडव्या खाचा असतात, त्यातून हे टोक ओढायचं. एकदा, दोनदा, पन्नास वेळा. आत बसलेली माती निघते, मग धातूचा बारीक कीस निघायला लागतो, आणि घासून गोल झालेल्या कडा पुन्हा टोकदार होतात. गोल्फवाले यालाच खाचांना धार लावणं म्हणतात.

आपल्याकडे ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा किंवा जातं होतं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. मग टाकी लावणारी बाई गल्लीतून हाक देत यायची, छिन्नी-हातोडीनं पाट्यावर टकटक करून बारीक खड्डे पाडून द्यायची. गोल्फच्या स्टिकला धार लावणं म्हणजे पोलादाच्या पाट्याला टाकी लावणं. फरक एवढाच की पाट्याला किती खोल टाकी लावायची याचा नियम करणारी संस्था नाही. गोल्फमध्ये आहे. एक अमेरिकेत, यूएसजीए, आणि दुसरी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला, आर अँड ए.

आधी या खाचा करतात काय ते बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. बॉल खाचेत अडकतो आणि म्हणून फिरतो असं वाटतं. तसं होत नाही. कोरड्या जागेवरून, स्वच्छ स्टिकनं, स्वच्छ बॉल मारला तर अगदी सपाट तोंडाची स्टिकसुद्धा जवळजवळ तेवढीच फिरकी देते. खाचेचं खरं काम सुरू होतं ते बॉल गवतात असताना. फटका बसतो त्या क्षणी बॉल आणि धातू यांच्यामध्ये गवताची पाती चिरडली जातात आणि त्यांचा रस निघतो. पाऊस पडलेला असेल तर पाणी असतंच. हा ओला थर मध्ये आला की बॉल तोंडावरून घसरतो, फिरकी घेत नाही, आणि जमिनीवर पडल्यावर थांबायचं नाव घेत नाही. खाचा त्या पाण्याला आणि गवताला जायला जागा देतात. पावसाळ्यात गाडीच्या टायरच्या नक्षीचं काम तेच. म्हणजे खाच जेवढी मोकळी आणि कड जेवढी तीक्ष्ण, तेवढा गवतातून मारलेला बॉलही ताब्यात.

गोल्फच्या मैदानात मधली नीट कापलेली पट्टी असते तिला फेअरवे म्हणतात आणि बाजूच्या वाढलेल्या गवताला रफ. सरळ मारणारा फेअरवेवर राहतो, वाकडा मारणारा रफमध्ये जातो आणि तिथे त्याला त्रास व्हावा अशी खेळाची रचनाच आहे. खाचा फार चांगल्या झाल्या तर ती शिक्षा निघून जाते. हा एवढा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढची शंभर वर्षं याच एका गोष्टीवरून भांडण आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी स्टिक बघितल्या तर त्यांचं तोंड आरशासारखं सपाट असतं. तेव्हा नक्षी बॉलवर असायची. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या मलाया भागातल्या झाडाच्या चिकापासून बॉल बनू लागले. नवे कोरे गुळगुळीत बॉल हवेत गटांगळ्या खायचे, आणि मार खाऊन ओरखडे पडलेले बॉल सरळ जायचे. लोकांनी हे ओळखलं आणि नवीन बॉललाच हातोडीनं खुणा करायला सुरुवात केली. आजच्या बॉलवर ज्या खळ्या दिसतात त्यांचं मूळ तिथे आहे. स्टिकच्या तोंडावर ठिपके आणि रेघा यायला लागल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, रबराच्या गाभ्याचा नवा बॉल आल्यानंतर.

आणि रेघा आल्या तशी स्पर्धा लागली. कोणाची रेघ खोल? १९२१ साली सेंट अँड्र्यूजला ओपन चॅम्पियनशिप झाली. जॉक हचिसन नावाचा खेळाडू आला. जन्म याच गावातला, पण अमेरिकेत जाऊन तिथला नागरिक झालेला. त्याच्या स्टिकवर इतक्या खोल चिरा पाडलेल्या होत्या की बॉल ग्रीनवर पडला की ब्रेक लावल्यासारखा थांबायचा. पहिल्याच फेरीत त्यानं आठव्या होलवर एका फटक्यात बॉल आत घातला. शेवटी त्याची बरोबरी झाली रॉजर वेदरेड या इंग्लिश हौशी खेळाडूशी. या बिचाऱ्यानं तिसऱ्या फेरीत चालता चालता स्वतःच्याच बॉलवर पाय दिला होता आणि एका फटक्याचा दंड घेतला होता. तो दंड नसता तर बरोबरीचा प्रश्नच नव्हता. प्लेऑफमध्ये हचिसन १५०, वेदरेड १५९. कप अमेरिकेला गेला. त्याच सुमारास आर अँड ए नं अशा खोल चिरांच्या स्टिकवर बंदी घातली आणि पुढे अमेरिकेनंही घातली.

१९४० च्या दशकात अमेरिकेनं खाचांची मापं पक्की केली. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी, वर रुंद आणि खाली निमुळती. तोंडाशी रुंदी जास्तीत जास्त ०.०३५ इंच, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. आणि एका खाचेच्या कडेपासून शेजारच्या खाचेच्या कडेपर्यंतचं अंतर खाचेच्या रुंदीच्या किमान तिप्पट. हे ‘तिप्पट’ लक्षात ठेवा. त्यानंतर चाळीसेक वर्षं फारसं काही घडलं नाही, म्हणून मीही ती ओलांडून पुढे जातो.

आता आपला नायक येतो. कार्स्टन सोलहाइम. जन्म १९११, नॉर्वेतल्या बर्गनचा. लहानपणीच घरचे अमेरिकेत सिएटलला आले. वडील चांभारकाम करायचे, यानंही ते केलं. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण महामंदी आली आणि शिक्षण अर्धवट सुटलं. पुढे नोकरी करत करत इंजिनिअर झाला, विमानाच्या कंपन्यांत काम केलं, मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला. तिथले सहकारी गोल्फ खेळायचे, त्यांनी याला ओढलं. तेव्हा वय बेचाळीस. बॉल ग्रीनवर हळूच ढकलायची जी स्टिक असते, पटर, ती काही याच्या हाताला बसेना. आपण काय करतो? ‘माझा हातच वाईट’ म्हणतो. हा म्हणाला, डिझाइन वाईट आहे. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात घराच्या गॅरेजमध्ये त्यानं स्वतःचा पटर बनवला. वजन मधोमध न ठेवता दोन्ही टोकांना ढकललं, म्हणजे बॉल नेमका मधोमध लागला नाही तरी स्टिक हातात वळत नाही. त्या पटरचा बॉलला लागताना ‘पिंग’ असा आवाज यायचा. तेच कंपनीचं नाव झालं.

पुढे कंपनी फिनिक्सला गेली आणि पटरवरून बाकीच्या स्टिककडे वळली. १९८२ मध्ये त्यांनी आय-टू नावाचा सेट आणला. जुन्या पद्धतीच्या स्टिक ठोकून, घडवून बनायच्या. आय-टू ओतीव होत्या, कडक स्टेनलेस पोलादाच्या. ओतकामात मेणाचा नमुना करतात, त्यावर सिरॅमिकचं कवच चढवतात, मेण वितळवून काढून टाकतात आणि पोकळीत धातू ओततात. या पद्धतीत व्ही आकाराची टोकदार, नेमकी खाच मिळणं कटकटीचं. यू आकाराची, उभ्या भिंतींची खाच सोपी. उत्पादकांची ही अडचण बघून यूएसजीएनं १९८४ पासून यू आकाराला परवानगी दिली. रुंदी तीच, खोली तीच, अंतर तेच, फक्त आकार बदलला. निर्णय घेणाऱ्यांना हे किरकोळ वाटलं असावं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असले किरकोळ बदल चांगले माहीत असतात, शुक्रवारी संध्याकाळी केलेले.

किरकोळ तो नव्हताच. तेवढ्याच रुंदीच्या आणि खोलीच्या व्ही पेक्षा यू मध्ये जागा जास्त असते. चहाचा कप आणि नरसाळं शेजारी ठेवा, तोंड सारखं असलं तरी कपात जास्त मावतं. म्हणजे गवत आणि पाणी सामावून घ्यायला जास्त जागा. आणि उभी भिंत वरच्या सपाट भागाला जिथे मिळते तिथे काटकोन होतो, तिथली कड चाकूसारखी.

त्या काळात चांगले खेळाडू बलाटाचा बॉल वापरायचे, त्याचं आवरण मऊ. या कडा ते आवरण किसून काढायला लागल्या. खोबरं किसल्यासारखं. खेळाडूंनी तक्रार केली, एका फेरीत किती बॉल बदलायचे? सोलहाइम इंजिनिअर माणूस, त्यानं सरळ उपाय केला. १९८५ च्या सुमारास त्यानं खाचेच्या कडा थोड्या गोल केल्या. तक्रार मिटली.

आणि इथेच घोळ झाला. कडा गोल केल्या, म्हणजे धार कमी केली, आणि त्यामुळे स्टिक बेकायदा ठरली.

कसं ते सांगतो, कारण माझ्यासाठी सगळी मजा इथेच आहे. विहीर डोळ्यांसमोर आणा. काठ सरळ, काटकोनात असेल तर विहीर कुठे सुरू होते यावर वाद नाही. पण काठ गोलसर, उतरता असेल तर? कोणी म्हणेल जिथे जमीन उतरायला लागते तिथे विहीर सुरू. कोणी म्हणेल जिथे उभी भिंत लागते तिथे. दोघांच्या मापात विहिरीची रुंदी वेगवेगळी येईल, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

नियमात लिहिलं होतं ‘खाचेची रुंदी’ आणि ‘कडांमधलं अंतर’. गोल कडेची ‘कड’ नेमकी कुठे, हा प्रश्न नियम लिहिताना कोणाच्या डोक्यात नव्हता. सोलहाइमचं म्हणणं, उभ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. यूएसजीएनं पद्धत ठरवली ती अशी: स्टिकच्या तोंडाशी ३० अंशांचा कोन करणारी रेघ कल्पा, ती गोल कडेला जिथे स्पर्श करते ती कड. या पद्धतीनं खाच थोडी रुंद भरते.

थोडी म्हणजे किती फरक पडतो? एक काल्पनिक गणित करू, मापं माझी आहेत, समजण्यापुरती. समजा खाच ०.७ मिलिमीटर रुंद आहे आणि दोन खाचांमध्ये २.२ चं अंतर. ०.७ ची तिप्पट २.१, म्हणजे पास. आता दोन्ही कडा गोल केल्यामुळे प्रत्येक बाजूला ०.०५ वाढले असं धरा. खाच झाली ०.८. तिनं दोन्हीकडची जागा खाल्ली म्हणून अंतर उरलं २.१. पण आता हवं किती? ०.८ ची तिप्पट, २.४. नापास, आणि काठावर नाही, सपशेल. रुंदी वाढली की एकीकडे जवळचं अंतर कमी होतं आणि दुसरीकडे लागणारं अंतर तिप्पट वेगानं वाढतं. आय-टूच्या बाबतीत खरा फरक काही हजारांश इंचांचा होता. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

दरम्यान मैदानावर बोंब सुरू झालीच होती. १९८७ ची होंडा क्लासिक स्पर्धा, मार्क कॅल्कावेकिया दाट रफमध्ये अडकलेला. त्यानं आय-टूच्या आठ नंबरनं फटका मारला, आणि गवतातून आलेला बॉल ग्रीनवर पडून असा थांबला की बघणाऱ्यांनी डोळे चोळले. स्पर्धा त्यानं जिंकली. ज्यांना यू खाचा नको होत्या त्यांच्यासाठी तो फटका म्हणजे पुरावाच झाला.

१९८७ मध्ये यूएसजीएनं जाहीर केलं की आय-टूच्या खाचा नियमात बसत नाहीत, १९९० च्या यूएस ओपनपासून त्यांच्या स्पर्धांत चालणार नाहीत. आता सोलहाइमच्या बाजूनं विचार करा. आय-टू हा त्या काळातला सर्वांत खपलेल्या सेटपैकी एक. लाखो लोकांच्या बॅगेत तुमची स्टिक, आणि खेळाची सर्वोच्च संस्था म्हणते ती बेकायदा. कोण घेणार पुढची? आणि त्याला त्याहून जास्त लागलं असेल ते हे की त्यानं फसवलं असा त्याचा अर्थ निघत होता. १९८९ च्या ऑगस्टमध्ये त्यानं यूएसजीएवर दहा कोटी डॉलरचा दावा ठोकला. वय सत्त्याहत्तर.

त्याच वर्षी दुसरी आघाडी उघडली. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंची पीजीए टूर ही वेगळी संस्था. तिनं ठरवलं की १९९० पासून फक्त पिंगच्याच नाही, सगळ्याच यू खाचा बंद. सोलहाइम तिथेही कोर्टात गेला. बॉब गिल्डर आणि आणखी काही खेळाडूंनीही टूरवर दावा केला, आमचं पोट या स्टिकवर आहे म्हणून. फिनिक्सच्या फेडरल कोर्टानं बंदीला स्थगिती दिली आणि १९९१ मध्ये वरच्या कोर्टानं ती कायम ठेवली.

यूएसजीएशी तडजोड झाली जानेवारी १९९० मध्ये. पिंगनं मान्य केलं की पुढच्या स्टिकमध्ये खाचांमधलं अंतर वाढवू, तुमच्या मापात बसवू. यूएसजीएनं मान्य केलं की १ एप्रिल १९९० पूर्वी बनलेली प्रत्येक आय-टू नियमात बसते असं कायमचं धरलं जाईल. कायमचं. पीजीए टूरशी मिटलं १९९३ मध्ये. टूरनं बंदी सोडली, पुढे साहित्याचे नियम करायचे तर स्वतंत्र सल्लागार समितीमार्फत करायचे असं ठरलं.

जुन्या वापरकर्त्यांना जुन्या नियमानं चालू द्या, असली सूट आमच्या धंद्यात रोज दिली जाते. देताना सगळ्यांना वाटतं काही वर्षांत जुने आपोआप संपतील. ते संपत नाहीत. कुठल्यातरी बँकेचं काम अजून त्याच जुन्या कोडवर चालू असतं. पोलाद तर त्याहून चिवट. सोलहाइम २००० साली गेला. त्याच्या स्टिक लोकांच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये, गाडीच्या डिकीत पडून राहिल्या.

मधल्या काळात खेळ बदलला. बॉल बदलले, आवरण मऊ पण आतून दूर जाणारे. स्टिकची डोकी मोठी झाली. खेळाडू जोरात मारायला लागले, सरळ गेला तर ठीक, रफमध्ये गेला तर खाचा आहेतच. यूएसजीएनं आकडे तपासले. १९८० च्या दशकात सरळ मारणं आणि बक्षिसाच्या पैशांतलं स्थान यांचा घट्ट संबंध होता, जवळपास पटिंगइतकाच. २००० नंतरच्या काही वर्षांत तो संबंध जवळजवळ शून्यावर आला. सरळ मारण्याला किंमतच राहिली नव्हती. म्हणून २००८ मध्ये नवा नियम जाहीर झाला आणि २०१० च्या जानेवारीपासून पीजीए टूरवर लागू झाला. खाचेच्या पोटातल्या जागेवर मर्यादा आली. आणि तिरकं तोंड असलेल्या, म्हणजे २५ अंश आणि त्याहून जास्त, स्टिकच्या खाचांच्या कडा किमान ०.०१० इंच त्रिज्येनं गोल असल्याच पाहिजेत असं ठरलं. पाव मिलिमीटर.

ऐकताय ना? गोल कडा. १९८५ मध्ये सोलहाइमनं बॉल वाचवायला ज्या गोलाईचा आधार घेतला आणि जिच्यापायी कोर्टाची पायरी चढला, ती पंचवीस वर्षांनी सक्तीची झाली. यावेळी ती कशी मोजायची हेही नियमासोबत आलं. यूएसजीए या बाबतीत शिकली असं म्हणायला हरकत नाही.

पण १९९० चा करार जिवंत होता. नवा नियम सगळ्यांना लागू, फक्त १ एप्रिल १९९० पूर्वीच्या आय-टू सोडून. वीस वर्षं जुन्या पिंगची शोधाशोध सुरू झाली. होनोलुलूच्या सोनी ओपनमध्ये जॉन डॅली आणि डीन विल्सन यांच्या बॅगेत त्या दिसल्या, आणि महिनाअखेर टोरी पाइन्सला फिल मिकलसनच्या. मिकलसन म्हणजे त्या काळातला दोन नंबरचा खेळाडू. स्कॉट मॅककॅरन या सहकाऱ्यानं उघडपणे त्याला फसवणूक म्हटलं. मिकलसन भडकला. मी नियमात आहे, नियमच विचित्र आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे मॅककॅरननं माफी मागितली, मिकलसननं स्टिक बॅगेतून काढली.

मला विचाराल तर फसवणूक हा शब्द चुकीचा होता. नियमात स्पष्ट लिहिलेली सूट वापरणं ही फसवणूक कशी? पण मॅककॅरनचा राग मला कळतो. एकाला नवी गोल कडेची खाच आणि शेजारच्याला जुनी मोकळी खाच, तेही त्यानं वीस वर्षांपूर्वी घेतलेली स्टिक फेकली नाही एवढ्याच कारणानं, हे एका मैदानावर बघायला बरं वाटत नाही. शेवटी वाट काढली कार्स्टनचा मुलगा जॉन सोलहाइम यानं. २०१० च्या मार्चमध्ये पिंगनं करारातला आपला हक्क टूरच्या स्पर्धांपुरता सोडला, आणि महिनाअखेरीपासून टूरवर जुन्या आय-टू बंद झाल्या. बापानं कोर्टातून मिळवलेलं मुलानं खेळासाठी सोडून दिलं. कोणी जबरदस्ती करू शकत नव्हतं.

या नियमानं जोरात मारणाऱ्यांचं राज्य संपलं का? नाही. ते आजही दणकून मारतात आणि जिंकतात. खेळाडू जुळवून घेतात, बॉल बदलतात, फटका बदलतात.

आता परत त्या पेनाएवढ्या अवजाराकडे. समजा तुमच्या हातात जुन्या बाजारातून घेतलेली १९८८ ची आय-टू आहे. खाचा वाळू आणि मातीनं घासून बोथट झाल्यात. धार लावावी का? गोल्फचा आजचा नियम सांगतो की नियमात बसणारी स्टिक नेहमीच्या वापरानं झिजली तर ती नियमातच राहते. मुद्दाम बदललीत तर मात्र ती पुन्हा मापात बसावी लागते. म्हणजे झीज माफ, हात लावलेला माफ नाही. आणि इथे तोच जुना सापळा उभा आहे. हातानं ओढलेलं टोक भिंत खरवडतं, खाच रुंद होते, अंतर घटतं आणि तिप्पटचं गणित बिघडतं. वर आलेली कड पाव मिलिमीटर गोल असणार नाहीच, धार लावायचा उद्देशच तो. ज्या खाचेला कोर्टाच्या दारातून सूट मिळाली ती खाच आता तिथे नाहीच, तुमची आहे. रविवारी मित्रांबरोबर खेळताना कोणी भिंग लावून बघणार नाही. स्पर्धेत अशा स्टिकनं फटका मारलात तर बाद. आणि फेरी चालू असताना मध्येच धार लावून त्या स्टिकनं मारणं तर कोणत्याही स्टिकच्या बाबतीत चालत नाही.

धातूचाही विचार करा. घडीव जुन्या स्टिक साध्या पोलादाच्या असतात आणि वरून क्रोमचा मुलामा. टोक ओढलं की कडेचा मुलामा जातो आणि आपल्या दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. आय-टूचं स्टेनलेस गंजायचं नाही, पण कडक आहे, हात दुखेपर्यंत ओढावं लागतं. आणि एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. आय-टू तांबूस रंगातही निघाली होती, बेरिलियम-कॉपरची. हातात धरायला, खेळायला ती सुरक्षित आहे. पण तिला घासू नका, किसू नका, ग्राइंडर तर लावूच नका. बेरिलियमची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. तांबूस पिंग मिळाली तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच.

बाकीच्यांनाही मी आधी तेच करायला सांगेन. खाचेत अडकलेली माती नुसती काढली तरी पाण्याला वाट मिळते, आणि निम्मी तक्रार तिथेच संपते. त्यात काही बेकायदाही नाही. टूथब्रश जुना चालेल.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुमच्या घरी टाकी लावलेला पाटा अजून असेल तर फोटो नक्की पाठवा.